पडद्यावरची जीभ

हिंदमाताच्या दुकानात, भर दुपारी, समोरच्या बाईनं साडीवर बोट ठेवून विचारलं, "ह्या रंगाला काय म्हणायचं हो?" आणि राजाराम परबच्या तोंडून 'मोरपंखी' निघालंच नाही. झालं ते एवढंच. ना चक्कर, ना कळ, ना डोळ्यांपुढे अंधारी. शब्द आत होता. नुसता होता असंही नाही, नीट घडी घातलेला, काठापदरासकट हाताशी ठेवलेला होता. त्यानं तो उचलला आणि तोंडातून आलं, "पोर... तोम... पोखी." बाई हसली, तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या तोंडात पान आहे. राजारामही हसला, कारण गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं हे त्याच्या हाडात मुरलेलं. मग त्यानं पुन्हा सुरुवात केली, "टोर..." आणि पुन्हा, आणि आणखी एकदा. गल्ल्यावरचे शेठ चष्म्यावरून बघायला लागले. ज्या तोंडाच्या जिवावर उभा जन्म भाकरी खाल्ली, त्या तोंडानं भर गिऱ्हाइकात असा दगा द्यावा! पण गंमत अशी, की त्या घटकेलाही त्याच्या मनात आलं ते हेच की साडी उघडी पडली आहे, घडी घालायला हवी. हातांनी ती घातली, बिनचूक, आणि गठ्ठ्यावर ठेवली.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचा फोटो निघाला. डावीकडे, कानशिलाच्या वर आत, मुगाच्या डाळीएवढा एक पांढरा ठिपका. डॉक्टर म्हणाले, छोटा अटॅक आहे, नशीब समजा, हातपाय वाचले. कांता, त्याची बायको, पदराचं टोक तोंडात धरून त्या ठिपक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्याश्यान ह्येंचा तोंड बंद केल्यान?" लालबागच्या चाळीत तर त्याच संध्याकाळी ठरून गेलं, परबांना भ्रम झाला. लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलू लागले, जणू कान गेलेत. त्यानं 'पा' म्हटलं की पाच जण पाण्याचा तांब्या घेऊन धावायचे. त्याला पंखा हवा असायचा. किती माया ही! आणि त्या मायेचा किती संताप यायचा त्याला! त्याचं वाक्य दुसऱ्या कुणीतरी पुरं करायचं, भलतंच करायचं, आणि वर शाबासकी मिळाल्यासारखं तोंड करून त्याच्याकडे बघायचं. तो पाणी प्यायचा. नाही म्हणायला तरी कुठे तोंड होतं? लिहिता येत होतं. लेकीनं, मानसीनं, लहान मुलांची पुसायची पाटी आणून दिली होती, तिच्यावर तो 'पंखा' असं स्वच्छ लिहायचा. पण एक गोष्ट अशी होती की जी पाटीवर लिहून भागणार नव्हती. दिवाळीनंतर मानसीचं लग्न होतं, आणि लग्नाच्या आदल्या सकाळी देवापुढे गाऱ्हाणं घालायचं होतं. गाऱ्हाणं म्हणजे तोंडानं बोलायची गोष्ट. घरच्या कर्त्या माणसानं उभं राहून, हातात नारळ धरून, गावच्या सगळ्या देवांना नावानिशी हाक मारायची आणि घरातलं कार्य त्यांच्या कानावर घालायचं. देवाला काय चिठ्ठी पाठवायची?

आणि खरं सांगायचं तर त्याच्या पोटात दुसरंच काही होतं, ते त्यानं पाटीवरही उतरवलं नव्हतं. गेल्या गणपतीत चाळीत गाऱ्हाणं घालताना त्यानं घाई केली होती. खाली स्पीकरवाला खोळंबला होता, मंडळाची पोरं घड्याळं बघत होती, आणि देवांची नावं घेता घेता गावच्या वेशीवरचा देवचार त्याच्याकडून राहून गेला. वेशीवर फिरणारा तो, गावाची राखण करणारा, आणि मानपानाला भलता हळवा. प्रसाद वाटताना राजारामच्या ते लक्षात आलं आणि हातातला द्रोण क्षणभर तसाच राहिला. पुढल्या साली घेऊ, त्यानं मनाशी म्हटलं होतं. मग हे झालं. आता डॉक्टरांचा ठिपका एका बाजूला आणि देवचार दुसऱ्या बाजूला, आणि मधे तो, मुका. मेंदूचा फोटो त्याला खोटा वाटत नव्हता. पण रक्ताची गाठ नेमकी तिथंच कुणी नेऊन ठेवली, हे काही फोटोत दिसत नव्हतं. गाऱ्हाणं घालायचं, देवचाराचं नाव घ्यायचं, आणि मगच लेकीला उंबऱ्याबाहेर पाठवायचं. त्याशिवाय तिला पाठवायची त्याची छाती नव्हती.

म्हणून तो अनुजाकडे जायला लागला. अनुजा तांबे, तिशी-बत्तिशीची, हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत बसायची. मेंदूच्या दुखण्यानं ज्यांचं बोलणं बिघडतं त्यांच्यावर तिचं संशोधन चाललं होतं. भिंतींना गाद्यांसारखा फोम लावलेला, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून, आणि मधोमध एक माइक. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काका, ह्यातून बरं व्हायची गॅरंटी मी देऊ शकत नाही. मी आधी समजून घेतेय की बिघडतं कुठे. चालेल?" हे तिनं हळू आवाजात, माणसाशी बोलावं तसं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली. खरोखर थांबली. त्याला 'चालेल' म्हणायला बराच वेळ लागला, ते धड आलंही नाही, पण त्या सगळ्या वेळात ती मधे एक अक्षर बोलली नाही. राजारामला रडू आलं. त्याला वाटलं, ह्या पोरीला साडी दाखवायला मिळाली असती तर आपण सगळं दुकान उलगडलं असतं.

आणि मग तिनं त्याला त्याची जीभ दाखवली. बायकांच्या पोटातलं बाळ बघतात तसलं यंत्र, त्याची दांडी तिनं थंडगार जेली लावून त्याच्या हनुवटीखाली धरली, आणि समोरच्या पडद्यावर काळोखात एक पांढरी कमान उमटली. "ही तुमची जीभ, काका. 'का' म्हणायचा प्रयत्न करा." कमानीचा मागचा भाग उठला, डळमळला, खाली आला. "आता 'टा'." पुढलं टोक थरथरत वर चाललं, वाट चुकलं, पुन्हा मागचाच भाग उठला. राजाराम बघतच राहिला. ही? हीच ती? आयुष्यभर दातांमागे राहिली, भाकरी फिरवली, पान रंगवलं, गिऱ्हाइकांना भुलवलं, आणि तिचं तोंड म्हणून कधी पाहिलं नाही! अनुजा सांगत होती की एक शब्द बोलायचा तर ओठ, जीभ, टाळू, गळा, छाती मिळून शंभराच्या आसपास स्नायू कामाला लागतात. कुणी आधी, कुणी नंतर, कुणी किती ताणायचं, हे सगळं मेंदू डोळ्याचं पातं लवायच्या आत लावून देतो, आणि तुमचा ठिपका नेमका त्या लावून देण्याच्या जागी आहे. "जीभ ठणठणीत आहे तुमची. शब्दही आहेत. मधला मुकादम सुट्टीवर गेलाय असं समजा." राजाराम हसला, पण मन तिकडे नव्हतंच. बाप रे, शंभर! आणि तो दिवसाला किती शब्द बोलायचा? 'या ताई, बसा ताई, इरकल दाखवू का नारायणपेठ, पदर बघा, हात लावून बघा, दिव्याखाली नको, उजेडात बघा.' एका दमात. त्यातल्या एकेका अक्षराला आत एवढी धावपळ, एवढी शिस्त, आणि आपल्याला पत्ताही नाही! घरी जाताना, गणेशगल्लीच्या तोंडाशी, दोन पोरं क्रिकेटवरून भांडत होती. "आउट होतास ना बे तू!" "चल हट, बॉल कुठे बॅटला लागला?" किरकोळ भांडण. राजाराम खांबाला टेकून ऐकत उभा राहिला. काय ते वेगानं सुटणारे शब्द, एकाला एक न अडखळता, आणि पोरांना त्याचं काहीच नाही! देवळात येतो तसा काटा त्याच्या अंगावर आला.

तेव्हापासून त्याला सगळीकडे बोलणंच दिसायला लागलं. दिसायला, ऐकू यायला नव्हे. भाजीवालीचे ओठ, कंडक्टरचा जबडा, कांताची हनुवटी. कांता बोलत असली की तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि ती लाजायची, ह्या वयात. "काय बघतास असा?" ती म्हणायची. त्याला सांगायचं असायचं की अगं, तू 'भाजी' म्हणालीस तेव्हा तुझ्या घशात काय काय घडलं ते तुला ठाऊक आहे का? आणि मग त्याला बाप आठवायचा. गावच्या देवळापुढे उन्हात उभा राहिलेला, डोकीला मुंडासं, हातात नारळ, आणि आवाज असा की समोरच्या फणसावरचे कावळे उठायचे. बाप एक ओळ म्हणायचा, ओळ संपली की हनुवटी जराशी वर उचलायचा, आणि जमलेला गाव एका तोंडानं गर्जायचा, 'व्हय म्हाराजा!' पुन्हा ओळ, पुन्हा हनुवटी, पुन्हा गर्जना. कुणी शिकवलं नाही राजारामला. मुंबईला आल्यावर एका गणपतीत चाळीतल्या म्हाताऱ्याचा घसा बसला आणि कुणीतरी ह्याच्या हातात नारळ दिला. त्यानं तोंड उघडलं आणि बापाचीच ओळ बाहेर आली, सबंध, न अडखळता. ओळ संपल्यावर हनुवटीसुद्धा आपोआप वर गेली. तेव्हापासून दरसाल तोच. तेव्हा वाटायचं, मी बोलतोय. आता वाटतं, छे, मी कुठला. मी तर नुसता उभा होतो, बोलणारी ती शंभर जणं आत होती, बिनबोभाट, पगाराशिवाय.

अनुजाला त्यानं पाटीवर 'गाऱ्हाणं' लिहून दाखवलं, खाली 'मुलीचं लग्न'. ती म्हणाली, "माहीत आहे मला. आम्ही लोअर परळला राहायचो ना, समोर तुमच्या कोकणातल्या लोकांची चाळ. गणपतीत तुमचं 'व्हय म्हाराजा' आमच्या खोलीत ऐकू यायचं. आमच्याकडे देवबिव नाही, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. पण आजोबा खिडकीत उभे राहून ऐकायचे हां." मग तिनं आजोबांचं सांगितलं. कुशाबा नाव. मिलमध्ये होते, सभेत बोलायला उभे राहिले की माणूस हलायचा नाही. त्यांना अटॅक आला तेव्हा त्यांचंही असंच झालं, आणि घरातल्यांनी, तिच्या आईनंसुद्धा, समजून घेतलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तपासायला कुणी नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं. "ते आत पूर्ण शाबूत होते, काका. मरेपर्यंत. हे मला कॉलेजात पुस्तक वाचताना कळलं, बसल्या जागी. तेव्हापासून हेच करतेय." राजारामनं मान हलवली. त्याला खिडकीतला तो माणूस दिसला, सगळे शब्द आत घेऊन उभा राहिलेला.

सराव सुरू झाला. ती टेबलावर बोटानं ठेका धरायची, एकेका अक्षराला एक टिचकी, आणि तो त्या टिचकीवर पाय ठेवत चालायचा. 'बा... दे... वा...' 'बा'पर्यंत सुखरूप. 'देवा'चं कधी 'ठेवा', कधी 'बेवा'. 'म्हाराजा' तर लांबच. एकदा तो इतका वैतागला की हात झटकून त्यानं म्हटलं, "आवशीचो घोव!" स्वच्छ. खणखणीत. मालवणी शिवी, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. अनुजा इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "बघा काका! जे मुद्दाम बोलायचं ते अडतं, जे सवयीनं उसळतं ते येतं. शिव्या, आकडे, आरती. हा रस्ताच वेगळा आहे." तिनं ती शिवी पुन्हा पुन्हा लावून ऐकली, प्रत्येक वेळी तोंडावर तेच नवल. राजारामला लाजही वाटली आणि अभिमानही. दुसरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती त्याच्याबरोबर म्हणायला लागली, दोघांनी एका सुरात म्हटलं, तर पडद्यावरची कमान सरळ वाटेवर येत होती. "सोबतीनं जमतंय तुम्हाला. पण गाऱ्हाणं तर एकट्यानंच बोलायचं ना?" त्यानं होकारार्थी मान डोलावली. एकट्यानंच. बाकीच्यांनी फक्त व्हय म्हाराजा म्हणायचं. त्याच्याकडे पाटी होती, तिच्याकडे एवढी यंत्रं होती, आणि तरी दोघंही दिवाळी उलटेपर्यंत त्याच्याच ओळी घोटत बसली. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं व्हय म्हाराजा म्हणायचं नसतं. तो मान दुसऱ्यांचा. इतक्या वर्षांत ते दोन शब्द जोडीनं राजारामच्या तोंडात कधी आलेच नव्हते, तर सरावाला कुठून येणार?

लग्नाच्या आदल्या सकाळी खोली माणसांनी भरली, पॅसेजमध्ये चटया पडल्या. मोरपंखी साडी नेसून मानसी पाटावर बसली. साडी त्यानंच निवडली होती, दुकानात जाऊन, नुसतं बोट दाखवून. पुतण्या विकास मोबाइल हातात घेऊन शेजारी आला. "काका, टेन्शन नका घेऊ. मी इथे लिहून आणलंय सगळं. तुम्ही फक्त नारळ धरा, मी बोलतो." चांगला पोरगा. राजारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हळूच एक पाऊल मागे सारलं. दाराशी अनुजा उभी होती. तिनं हात जोडले नव्हते आणि जोडावेत अशी त्याची अपेक्षाही नव्हती. ती आली होती हेच खूप.

त्यानं नारळ धरला, डोळे मिटले, तोंड उघडलं. "बा..." एवढंच. पुढे 'दे'ला जीभ उठली, चुकली, खाली आली; त्याला ती काळोखात दिसली, पांढरी, थरथरणारी. पुन्हा. "बा... बे..." मागे कुणीतरी खोकलं, त्यानं डोळे उघडले. मानसीनं खाली मान घातली आणि तिच्या गळ्यातली शीर हलताना त्याला दिसली. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. उद्या ही पोर जाणार, आणि हिच्यासाठी एक शब्द आपल्याच्यानं मागता येऊ नये! त्यानं पुन्हा डोळे मिटले, ओठही मिटले. आणि मिटल्या तोंडात सगळं सुरू झालं. बा देवा म्हाराजा, गावच्या रवळनाथा, तुझी जी काय लेकरां पोटापाठी मुंबैक येवन ऱ्हवली, तेंच्या घरात आज कार्य उभा ऱ्हवलाहा, तेका तू राखणदार ऱ्हव म्हाराजा. सबंध ओळ, बापाच्या आवाजात, आतल्या आत. ओळ संपली आणि सवयीनं, केवळ सवयीनं, त्याची हनुवटी जराशी वर गेली.

आणि आतल्या दारातून कांताचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." एकटीचा, बारीक. तिनं ती हनुवटी इतकी वर्षं पाहिली होती. ती वर गेली म्हणजे ओळ संपली, ह्यात तिला कसलीच शंका नव्हती. क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले, मग पॅसेजमधला एक म्हातारा म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मग विकास, मग सगळे. राजारामनं नारळ घट्ट धरला. त्यानं दुसरी ओळ घेतली, मुक्यानंच. वेशीवरच्या देवचारा म्हाराजा, गेल्या गणपतीत तुझा नाव माझ्याकडसून ऱ्हवला, चूक पदरात घे, आज पयलो मान तुका. हनुवटी. "व्हय म्हाराजा!" भिंतीवरच्या फोटोची काच हलली. माफी कशाची, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून ती मागितली होती! तो आणखी पुढे गेला. आतल्या शंभर जणांना त्यानं हाक मारली, इतकी वर्षं राबलात, आठवण ठेवली नाही, म्हणून. खिडकीत उभं राहून ऐकणाऱ्या लोअर परळच्या कुशाबांचं नाव घेतलं. हे नाव ह्या गाऱ्हाण्यात आजवर कधी आलं नव्हतं. हनुवटी, आणि गर्जना. डोळे उघडले तर दाराशी अनुजाचं बोट तिच्या मांडीवर ठेका देत होतं. व्हय म्हा-रा-जा, अक्षराला एक टिचकी. तिला ते कळतही नसावं.

शेवटची ओळ मानसीची. ती त्यानं कशी मागितली ते त्याचं त्यालाच माहीत. तिथं बापाचा आवाज नव्हता, देवांची नावं नव्हती, नुसतं 'माझी पोर' एवढंच होतं, पुन्हा पुन्हा. हनुवटी वर गेली. "व्हय म्हाराजा!" आणि त्या गर्जनेत एक आवाज फार जवळून आला, घोगरा, जाड, गंज चढलेल्या कडीसारखा. कोण बरं हा, म्हणून त्यानं शेजारी पाहिलं. शेजारी विकास होता, आणि विकास त्याच्याच तोंडाकडे बघत होता. मानसी पाटावरून अर्धी उठली होती. "बाबा?" ती म्हणाली. अनुजाचं बोट थांबलं होतं आणि दोन्ही हात तोंडावर गेले होते. राजारामला आपल्या तोंडात अजून त्या शब्दाची ऊब लागत होती, 'जा'वर जीभ टाळूला भिडली होती त्या जागी. मागायचं सगळं मागून झालं होतं, आता नारळ फोडायचा. तरी त्यानं पुन्हा एकदा हनुवटी वर केली, काही न मागता, आणि सगळ्यांबरोबर म्हटलं, "व्हय म्हाराजा!"